शिक्षकांचा बर्नआउट: दोष मनाचा की कामाचा?

‘शिक्षकांना सुट्ट्या भरपूर, त्यांना कसला ताण?’ असे सहज म्हटले जाते. पण त्यांनाही बर्नआउट गाठतो. बर्नआउट (कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण न निवळल्याने येणारी अवस्था) म्हणजे नुसता थकवा नव्हे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले. म्हणजे मूळ शोधायचे ते कामात, शिक्षकाच्या मनाच्या दुबळेपणात नव्हे.

विहिरीचा उपसा झऱ्यांपेक्षा जास्त असेल, तर एक रात्र मोटार बंद ठेवून भागत नाही. उपसाच कमी करावा लागतो. शिक्षकाच्या शक्तीचेही तसेच आहे.

फळ्यावरचा भागाकार अर्धा राहतो, कारण पोषण आहाराची नोंद ॲपवर आत्ताच हवी असते. रात्री व्हॉट्सॲप गटावर ‘माहिती तातडीने भरा’ येते. उशीर झालेल्यांची नावे सर्वांदेखत झळकतात. हा पाणउतारा मला ओझ्याहूनही घातक वाटतो. झोप उडते, चिडचिड वाढते, पुढे नैराश्यही येऊ शकते.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. अधिकाऱ्यांनी ते पाळावे. त्रास वाढलेल्या शिक्षकांनी टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर जरूर बोलावे.