उपासनेची भाषा आणि खानगी मंडळी



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने इराणमधील ख्रिस्ती श्रद्धेविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर दुहेरी आहे. एक तर या विषयाचा एक धागा आपल्या सुरतेच्या मातीत गुंतलेला आहे. दुसरे असे की, वरवर धर्माचा वाटणारा हा प्रश्न पुष्कळ अंशी भाषेचा आहे. आणि भाषेविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आयुष्यभराच्या अध्यापनाने मला दिला आहे, असे मी समजतो.

प्रथम सुरतेचा धागा घेऊ. कतारगाम दरवाजाच्या बाजूस इंग्रज व डच व्यापाऱ्यांची घुमटदार थडगी आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांच्याच शेजारात आर्मेनियन लोकांची साधी, जमिनीलगतची थडगी आहेत. त्यांवरील लिपी आपल्यापैकी कोणास वाचता येत नाही, म्हणून पाहुण्यांना ती कोणी आवर्जून दाखवीत नाही. हे आर्मेनियन ख्रिस्ती होते. परंतु ते युरोपातून आले नव्हते, बहुतांशी इराणातून आले होते.

सफवी घराण्याच्या शाह अब्बासने १६०४-०५ च्या सुमारास अरास नदीकाठच्या जुल्फा नगरातील आर्मेनियनांना उठवून इस्फहानजवळ आणून वसविले. त्या वस्तीस नवे जुल्फा असे नाव पडले. रेशमाच्या व्यापारासाठी बादशहाला हे लोक हवे होते. त्यांना चर्च बांधण्याची, घंटा वाजविण्याची, आपल्या भाषेत उपासना करण्याची मोकळीक मिळाली. १६३८ साली तर तेथे आर्मेनियन भाषेतील स्तोत्रसंहिता छापली गेली. याच नव्या जुल्फाचा होव्हान्नेस नावाचा एक व्यापारी १६८२ मध्ये निघून सुरतेस आला आणि आग्रा, पाटणा, नेपाळ या मार्गाने थेट ल्हासापर्यंत गेला. त्याची हिशेबाची वही आजही उपलब्ध आहे.

पण राज्यकर्त्याच्या मर्जीवर उभे असलेले स्वातंत्र्य त्या मर्जीबरोबरच डळमळते. १७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहानला वेढा घातला, तेव्हा नव्या जुल्फाकडून जबर खंडणी वसूल झाली. पुढे १७४७ मध्ये नादिरशहाचा खून होईपर्यंत करांचा वरवंटा फिरतच राहिला. अनेक कुटुंबांनी हिंदुस्थानची वाट धरली. सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील आर्मेनियन वस्त्या या स्थलांतरांनी भरल्या. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ साली निघाले, तेही मद्रासमध्ये. राज्य उलथते तेव्हा त्याची किंमत अल्पसंख्याकांना आधी मोजावी लागते, हा या इतिहासाचा पहिला धडा.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १९७९ च्या क्रांतीनंतर झालेल्या इराणच्या राज्यघटनेने जरथुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती या तिघांना मान्यताप्राप्त धार्मिक अल्पसंख्याक म्हटले. संसदेत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या : आर्मेनियनांना दोन, असिरियन व खाल्डियन यांना मिळून एक, यहुदींना एक, जरथुष्ट्रींना एक. मग, ख्रिस्ती धर्म तेथे मान्य आहे तर ख्रिस्ती लोक लपून प्रार्थना का करतात, असे आपण विचाराल.

या कोड्याची किल्ली भाषेत आहे. घटनेने मान्यता दिली ती जन्माने ख्रिस्ती असलेल्या जमातींना. आर्मेनियन माणसाने आर्मेनियन भाषेत उपासना केली तर ती त्याच्या कुळाची रीत ठरते. परंतु तीच उपासना फारसीत झाली, की ती इराणच्या बहुसंख्य समाजातील कोणालाही समजू शकते. कोणीही येऊन बसू शकतो आणि मनाला पटले तर बाप्तिस्माही मागू शकतो. आर्मेनियन भाषा ही चर्चभोवतीची भिंत होती. फारसी हे त्याचे दार होते. राज्यसत्तेला भिंतीचे भय नव्हते, दाराचे होते.

आपल्या अनुभवाच्या भाषेत सांगतो. आपण सुरतेत गणेशोत्सवात मराठीत आरती म्हणतो, आणि शेजारचे गुजराती बांधव येऊन टाळ्या वाजवितात. समजा, उद्या असा हुकूम निघाला की, मराठी माणसांनी मराठीत आरती खुशाल म्हणावी. मात्र ती गुजरातीत म्हटली, अगर एखादा गुजराती शेजारी येऊन बसला, तर यजमानाला तुरुंगात जावे लागेल. आपली आरती बंद झाली, असे कोणी म्हणणार नाही. पण आपण मोकळे आहोत, असे तरी म्हणता येईल काय?

हे फारसीचे दार उघडण्यात हिंदुस्थानचाही वाटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मोपदेशक हेन्री मार्टिन १८११ साली मुंबईहून जहाजाने निघून शिराझला गेला. तेथे मिर्झा सय्यद अली या विद्वानाच्या साहाय्याने त्याने नव्या कराराचे फारसी भाषांतर सिद्ध केले आणि परतीच्या वाटेवर १८१२ मध्ये तोकात येथे तो मरण पावला.

पुढे याझ्द प्रांतातील ताफ्त गावच्या एका मुस्लिम कुटुंबात जन्मलेले हसन देहकानी-तफ्ती १९६१ मध्ये इराणमधील अँग्लिकन बिशप झाले. क्रांती झाली त्याच महिन्यात, फेब्रुवारी १९७९ मध्ये, त्यांच्या मंडळीचे शिराझमधील पाळक अरास्तू सय्याह यांची हत्या झाली. ऑक्टोबरात खुद्द बिशपांवर शयनगृहात गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले, पत्नीच्या हाताला जखम झाली. मे १९८० मध्ये त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा बहराम तेहरानमध्ये मारला गेला. परदेशात असलेले वडील पुन्हा मायदेशी परतू शकले नाहीत.

१९९० मध्ये मुस्लिम घराण्यातून आलेले पाळक हुसेन सुदमंद यांना मशहदमध्ये फाशी देण्यात आले. मेहदी दिबाज यांनी सुमारे नऊ वर्षे तुरुंगात काढली. धर्मत्यागाच्या आरोपावरून त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. बिशप हाइक होव्सेपियान यांनी जगभर आवाज उठविला आणि जानेवारी १९९४ मध्ये दिबाज सुटले. त्यानंतर काही दिवसांतच होव्सेपियान यांचा खून झाला, आणि त्याच वर्षाच्या मध्यास दिबाज व तातेओस मिकाएलियान यांचाही. सरकारने दोष एका विरोधी संघटनेवर ठेवला. ख्रिस्ती मंडळ्यांतील पुष्कळांना तो खुलासा पटला नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. होव्सेपियान आणि मिकाएलियान हे जन्माने आर्मेनियन होते. आपल्या भिंतीच्या आत ते सुखरूप राहू शकले असते. फारसी भाषकांसाठी दार उघडे ठेवण्याचे त्यांनी स्वतःहून पत्करले.

पुढे शुक्रवारच्या फारसी उपासना एकामागून एक बंद करण्यात आल्या. २०१३ मध्ये तेहरानमधील असेंब्लीज ऑफ गॉडच्या मध्यवर्ती चर्चला टाळे लागले. मग उपासना घरांत शिरली. इराणी लोक तिला 'कलीसा-ए-खानेगी' म्हणतात. यांतील 'खानेगी' शब्द आपणांस परका नाही. फारसीतून तो मराठीत 'खानगी' होऊन आला, आणि बडोद्याच्या गायकवाड सरकारात तर राजवाड्याच्या कारभाराचे 'खानगी खाते'च होते. 'कलीसा' हा मूळ ग्रीक 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमविलेला समुदाय. आपल्याकडील ख्रिस्ती बांधव त्याला किती नेमका शब्द वापरतात पाहा : मंडळी! मंडळी म्हणजे इमारत नव्हे, माणसे. इमारतीला टाळे लावता येते. माणसे दुसऱ्या घरी जमतात.

ही खानगी मंडळी दहा-पंधरा जणांची असते. जमण्याचे घर बदलत राहते. घंटा नसते, शेजारी ऐकतील म्हणून गाणे हलक्या आवाजात म्हणतात. पकडले गेल्यास आरोप बहुधा श्रद्धेचा नसतो, तो राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध कृत्य केल्याचा असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये दंडसंहितेच्या कलम ५०० ला जोड देऊन इस्लामविरोधी ठरविलेल्या 'पथभ्रष्ट' प्रचारालाही शिक्षा ठेवण्यात आली. राज्यसत्ता डळमळू लागली की तिला प्रार्थनेत परकीय हस्तक दिसू लागतो. तथापि त्याच वर्षी नोव्हेंबरात इराणच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने, घरात जमून उपासना करणे हा राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध गुन्हा नव्हे, असे नऊ जणांच्या खटल्यात म्हटले. तेव्हा न्यायबुद्धी तेथेही अगदीच लोपली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

हे सारे ऐकून एका धर्माकडे बोट दाखविण्याचा मोह कोणास झाला, तर त्याने गोमंतकाचा इतिहास आठवावा. तेथे सत्ता ख्रिस्ती होती. १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले, आणि त्याच सुमारास भाविकांनी मंगेशाला कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास नेले. हिंदूंचे विधी खानगी झाले, देव निर्वासित झाले. त्या देवांना आसरा मिळालेला मुलूख आदिलशाहीचा होता, म्हणजे मुसलमानी अमलातला होता! भाषेची कथाही तशीच. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' निघाले. लोकांच्या भाषेचे दार पाद्र्यांनी स्वतः उघडले. १६८४ मध्ये पोर्तुगीज राज्यपालाने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला.

याउलट उदाहरण आपल्याच शहराचे आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. ते दुःख सुरतेने सोसले. पण त्या धामधुमीतही फादर अँब्रोझ या कॅप्युचिन साधूच्या निवासाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहून गेला आहे.

आपण स्वतःकडेही पाहावे. आपल्या गुजरात राज्यात २००३ चा कायदा आहे. धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. बळजबरी आणि फसवणूक रोखणे आवश्यकच आहे. परंतु मनाच्या निर्णयाची नोंद सरकारदफ्तरी कुठवर असावी, हा प्रश्न केवळ तेहरानचा नाही. एखादे राज्य आपल्या पूर्वजांच्या धर्माला किती मान देते, एवढ्यावरून त्याची परीक्षा होत नाही. एखाद्या एकट्या माणसाने पूर्वजांहून वेगळी वाट धरली, आणि ती मायबोलीत बोलून दाखविली, तर त्याला निर्भयपणे राहता येते की नाही, ही खरी कसोटी आहे.

शाळा मुलाला भाषा देते, म्हणजे मनातले उघडपणे बोलण्याचे साधन देते. ते साधन वापरण्यासाठी कोणावर खिडक्या लावून घेण्याची पाळी येऊ नये, एवढी जाणीव आपल्या विद्यार्थ्यांत रुजली, तर ज्या शिक्षकाचे आपण आज स्मरण करीत आहोत त्यांच्या कार्याचे चीज झाले, असे मी मानीन.