ट्रक-ट्रेलरच्या एलईडी लाइटचा धंदा: दुकानाआधी वायरिंग शिका

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले. आज रात्री तिथल्या एमआयडीसीत चक्कर मारा. माल भरायला थांबलेल्या ट्रक-ट्रेलरच्या रांगा दिसतील, आणि मागचा एखादा लाइट बंद असलेल्या गाड्याही. गिऱ्हाईक तिथंच उभं आहे.

"सर, माल स्वस्त कुठं मिळेल?" हा पहिला प्रश्न येतो. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे.

आधी व्होल्टेज. कार १२ व्होल्टवर चालते, मोठा ट्रक २४ वर. इंजिन चालू असताना तिथं २८ च्या आसपास मिळतात. १२ चा लाइट २४ ला जोडला की गेलाच. पैठण-गंगापूरकडची उसाची ट्रॉली मात्र ट्रॅक्टरच्या १२ वर. दोघंही तुमच्याकडेच येणार, म्हणून १० ते ३० व्होल्टवर चालणारा माल ठेवा.

दुसरी गंमत इंडिकेटरची. जुना बल्ब २१ वॅटचा, एलईडी जेमतेम दोन-तीन वॅटचा. करंट कमी झाला की जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, मग तो भराभर लुकलुकतो. ड्रायव्हर परत येतो, "भाऊ, लाइट खराब दिला." लाइट चांगलाच असतो! एलईडीचा फ्लॅशर सोबत विका.

खरा पैसा मात्र अर्थिंगमध्ये आहे. ट्रेलरची चॅसी गंजते, सात पिनच्या कनेक्टरमध्ये पाणी जातं, तांबं हिरवं पडतं. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. नवा लाइट लावूनही हे जात नाही. अर्थची वेगळी वायर ओढा, जोड नीट दाबून त्यावर हीट श्रिंक नळी चढवा, आणि त्याची मजुरी घ्या. समजा ३०० च्या लाइटमागे ६० रुपये सुटले, आणि तो एकदा परत आला. पाच लाइटची कमाई गेली की नाही? लाइट ऑनलाइन कुणालाही मिळतो, हा जोड मिळत नाही.

रंगाचा नियम पाठ करा: पुढं पांढरा, बाजूला पिवळा, मागं लाल. एआरएआयचं प्रमाणपत्र असलेलाच माल घ्या. डोळे दिपवणारे फोकस मागणारे येतील. नाही म्हणा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

१५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धीवर टेम्पो ट्रॅव्हलर कंटेनरवर मागून आदळली, १२ जण गेले. तिथं दोष लाइटचा होता असं मी म्हणत नाही. पण ताशी ८० ची गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. मागचा लाइट शंभर मीटर आधी दिसला, तर ड्रायव्हरच्या हातात साडेचार सेकंद असतात.

आता मल्टिमीटर घेऊन ठेवा. पुढच्या व्हिडिओत सात पिनचं वायरिंग फळीवर जोडून दाखवतो.