‘सर, उद्या नक्की’: होडी, स्टीलवाला आणि फायबरचा मिस्त्री

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे... अं...’ काढलेत.

आधी एक खुलासा. खंडाळा म्हटलं की लोकांना चिक्की आठवते. ते लोणावळ्याजवळचं. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. इथून समुद्र गाठायला पाच-सहा तास लागतात. तरीही आम्हा चार मित्रांची मिळून एक सोळा फुटी शिडाची होडी आहे. फायबरची, सेकंडहँड, हर्णैजवळ एका वाडीत नारळाखाली ठेवलेली. कॉलेजात बोट क्लबचं वेड लागलं, ते नोकरीनंतरही उतरलं नाही.

मागच्या डिसेंबरात सुवर्णदुर्गाच्या पलीकडे होतो. वारा छान होता. अचानक हातातला सुकाणूचा दांडा हलका लागला. वळून बघतो तर सुकाणू एका बाजूला लोंबतंय! ते होडीला धरून ठेवणाऱ्या दोन बिजागऱ्यांपैकी वरची तुटली होती. शीड उतरवलं, वल्ह्याने कसंबसं तोंड सरळ धरलं, आणि परत येणाऱ्या एका मच्छीमार बोटीने दोर टाकून आम्हाला आत आणलं. माझी बहीण सोबत होती. तिला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर होती म्हणून ठीक, पण त्यानंतर ती होडीत बसलेली नाही.

बिजागरी बसवून वर्षही झालं नव्हतं. विकणारा फोनवर म्हणाला होता, ‘सर, ओरिजिनल तीनशे सोळा आहे, बिनधास्त घ्या.’

आता हे ३१६ काय प्रकरण आहे? स्टेनलेस स्टीलचे आपल्याला नेहमी भेटणारे दोन ग्रेड म्हणजे ३०४ आणि ३१६. ३०४ म्हणजे घरातली चांगली भांडी, सिंक वगैरे. ३१६ मध्ये वर साधारण २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्टीलमध्ये बारीक खड्डे पाडतं, खास करून बोल्टखाली, वेल्डच्या कडेला, जिथे पाणी साचून राहतं. मॉलिब्डेनम ते बरंच रोखतं. गंमत अशी की दिसायला दोन्ही सेम. लोहचुंबकही इथे कामाचा नाही, कारण साधारणपणे दोघांनाही तो चिकटत नाही. म्हणजे नजरेने ओळखायचा काही मार्गच नाही.

इथे आमचं गाव कामाला आलं. शिरवळच्या एमआयडीसीत एक मित्र क्वालिटीत आहे. त्याच्याकडे धातूवर टेकवून ट्रिगर दाबला की त्यात काय काय आहे ते स्क्रीनवर दाखवणारी गन असते. तुटलेला तुकडा घेऊन गेलो. मॉलिब्डेनम जवळजवळ शून्य! अर्धा मिनिट लागलं. खरेदीच्या दिवशी हे का नाही केलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. कोड टेस्ट न करता लाइव्ह टाकणाऱ्याला मी ऑफिसात किती बोलतो!

मग भांडायला बिल शोधलं. बिलावर काय? ‘एसएस फिटिंग, २ नग.’ बस. ३१६ हा आकडा फक्त फोनवर उच्चारला गेला होता. म्हणून आता माझा नियम: फोनवर बोलणं झालं की लगेच मीच मेसेज टाकतो, ‘आपलं ठरल्याप्रमाणे ग्रेड ३१६, बिलावर तसं लिहून द्या.’ खरा माल असेल तर माणूस लिहून देतो. ‘सर, एवढं कोण लिहितं’ म्हणाला, की दुसरं दुकान.

दुकानदार मुंबईचा किंवा गोव्याचा असेल तर तिकडे खेटे घालावे लागतील असं वाटतं ना? नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे माझ्यासाठी सातारा. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ वर फोन करून बघा. पण एखाद्या हौशी मालकाकडून जुनी होडी घेतली, तर तो काही व्यापारी नाही. तिथे हा रस्ता सहसा चालत नाही. तिथे पैसे द्यायच्या आधीच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या होडीवर टकटक करा. कडक आवाज आला तर बरं. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड भिजलंय किंवा थर सुटलेत असं समजा.

आता मिस्त्री. त्याच्यावर मी आधी खूप चिडायचो. ‘उद्या नक्की’ म्हणायचा आणि तीन आठवडे गायब. मग हर्णैला दोन दिवस राहिलो तेव्हा कळलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याच काळात सगळ्या बोटी दुरुस्तीला, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्या तयार पाहिजेत. त्या बोटीवर कोणाचं तरी घर चालतं. माझी होडी म्हणजे रविवारची हौस. तो मला शेवटी ठेवतो, आणि खरं तर बरोबरच करतो. त्यात पावसाळी दमट हवेत फायबरचं काम नीट बसतही नाही. म्हणून आता माझं काम मी जानेवारीत देतो, तेव्हा तो त्यातल्या त्यात मोकळा असतो.

आणि सगळे पैसे आधी देत नाही. रेझिन, कापड मी स्वतः बिलावर आणून देतो, मजुरी टप्प्याने. सगळ्यात महत्त्वाचा टप्पा म्हणजे वरचा चकचकीत थर, जेलकोट. तो चढला की खाली काय केलंय ते देवालाच ठाऊक. त्यामुळे आधी व्हिडिओ कॉल, मग जेलकोट, मग पुढचा हप्ता.

शक्य असेल तर स्वतः जाऊन बसावं. नौदलाची ‘म्हादेई’, जिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जग फिरून आले, ती गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली. दोंदे बांधणीच्या काळात तिथे यार्डातच असायचे. आपल्याला नोकरी सोडून एवढं जमणार नाही, पण जेलकोटच्या आदल्या दिवशी एक सुट्टी टाकता येते.

स्टीलवाल्याचे पैसे अजून परत आलेले नाहीत. १९१५ वर तक्रार नोंदवलीये, गनचा रिपोर्टही जोडलाय. नव्या बिजागऱ्या शिरवळला तपासून मगच हर्णैला नेल्या. बहिणीला रिपोर्ट दाखवला. ‘बघू,’ म्हणाली.

पुढच्या भागात पावसाळ्यात शीड कसं ठेवायचं ते बोलू. तोवर टाटा!