पोटातील विद्युत्‌लहरी आणि फवारणीची विषबाधा

खरीप हंगामात कपाशीवर फवारणीचे दिवस आले, की अमरावती व अकोला जिल्ह्यांत विषबाधेची भीती वाढते. 'औषध पोटात गेलेच नाही, मग पोटात एवढा मुरडा कशाने?' असे रुग्णांचे नातेवाईक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आतड्यांच्या कार्यपद्धतीत आहे.

जठर व आतडी यांचे स्नायू आपल्या इच्छेने हालत नाहीत. त्यांच्या थरांमध्ये काही विशेष पेशी असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ सँटियागो रामोन इ काहाल यांच्या नावावरून त्या 'काहाल पेशी' म्हणून ओळखल्या जातात. हृदयाचे ठोके ज्याप्रमाणे हृदयातच उत्पन्न होणाऱ्या विद्युत् संदेशांवर पडतात, त्याप्रमाणे या पेशी अहोरात्र मंद विद्युत्‌लहरी निर्माण करतात. जठरात मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या आरंभी सुमारे १२ व शेवटी सुमारे ८ लहरी उठतात.

लहान आतड्यात लहर उठली म्हणजे स्नायू आवळलाच, असे मात्र नाही. लहर केवळ ताल धरते. अन्नामुळे आतड्याची भिंत ताणली गेली, की तेथील मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन हे रसायन स्रवते. मग लहरीच्या माथ्यावर तीव्र विद्युत् स्पंद उमटतात, स्नायुपेशीत कॅल्शियम शिरते आणि स्नायू आकुंचन पावतो. अन्नाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो व अन्न पुढे सरकते. काम होताच कोलिनेस्टरेज नावाचे विकर ॲसिटिलकोलिनचे विघटन करते.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. ती त्वचेतून व श्वासावाटेही रक्तात जातात. ॲसिटिलकोलिन साचत राहते व आतडी अनावर आवळू लागतात. म्हणून मुरडा, ओकारी व जुलाब होतात. लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. छातीत स्राव साचून व श्वासाचे स्नायू दुबळे होऊन श्वास कोंडतो. जिवाला खरा धोका त्याचाच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपणां सर्वांस स्मरत असेल.

उपचारातील ॲट्रोपिन हे औषध ॲसिटिलकोलिनचा परिणाम रोखते. त्याने छातीतील स्राव आटतो, परंतु आतड्यांची हालचालही मंदावते. म्हणूनच डॉक्टर वरचेवर रुग्णाच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकतात. तो आवाज पूर्ण थांबला, ताप चढला व रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर ॲट्रोपिन अधिक झाल्याची ती खूण असते. या औषधाने घसा कोरडा पडून रुग्ण पाणी मागतो. ते नाकारताना घरच्यांचा जीव तुटतो, हे आम्ही जाणतो. तथापि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्याने डॉक्टरांना विचारल्याविना ते देऊ नये.

फवारणीनंतर पोटात कळा आल्यास 'ऊन लागले' अथवा 'खाण्यात काही आले' असे समजून वाट पाहू नये. हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे व औषधाच्या बाटलीसह त्यास तत्काळ रुग्णालयात आणावे. ओकारी करवू नये. आमच्या हितचिंतकांनी ही माहिती गावोगावी पोहोचविली, तर तेही रुग्णसेवेस मोलाचे साहाय्य ठरेल.