वाकळ टाचणे

वाकळ टाचणे म्हणजे गोधडीचे वरचे कापड, आतील भर आणि खालचे अस्तर हे थर पक्की शिलाई घालण्यापूर्वी कच्च्या टाक्यांनी किंवा पिनांनी तात्पुरते एकत्र धरून ठेवणे. सातारा, सांगली व कोल्हापूर भागांत गोधडीस 'वाकळ' असेही म्हणतात. शेतीची कामे उरकल्यावर, उन्हाळ्यात, जुनी लुगडी व धोतरे वापरून ती घरीच शिवण्याची प्रथा आहे.

टाचणी नीट झाली नाही तर थर सरकतात, अस्तराला चुण्या पडतात आणि पहिल्याच धुण्यात आतील भर एका कडेला गोळा होते. अनेक दिवसांची हातशिलाई त्यामुळे वाया जाते.

कापडाची तयारी

नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब असते. त्याचे चार समान तुकडे करून दोन-दोन जोडल्यास एकाच लुगड्यात वाकळीच्या दोन्ही बाजू निघतात. भरीसाठीचे कपडे आधी धुऊन वाळवावेत. बटणे, हुक व जाड शिवणी काढून टाकाव्यात. नवे सुती कापड न धुता आत घातल्यास ते पुढे आटते व वाकळ आखडते.

टाचण्याची रीत

सपाट, स्वच्छ जमिनीवर अस्तर उलटे पसरून त्याचे कोपरे वरवंटा, विटा किंवा भरलेल्या डब्यांनी दाबून ठेवतात. कापड ताठ असावे, ताणलेले नसावे. ताणून टाचलेले अस्तर वजन काढताच आकसते. त्यावर भर एकसारखी मांडून वरचे कापड घालतात आणि तळहाताने मध्यापासून कडेकडे चुण्या काढतात. टाकेही याच क्रमाने, मध्यापासून बाहेर घालावेत. कडेपासून सुरुवात केल्यास उरलेला झोळ मध्यभागी अडकतो व तेथून तो काढता येत नाही.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दोरा. रिळात उरलेला, कापडाहून वेगळ्या रंगाचा सुती दोरा घेऊन चार बोटे लांबीचे टाके घालतात. रंग वेगळा असल्याने ते नंतर उसवताना चटकन दिसतात. खाली स्टीलचे ताट सरकवत गेल्यास सुई चटईत अडकत नाही.

सेफ्टी पिनांनी काम लवकर होते, पण त्या पुष्कळ लागतात. दोन मीटर लांब-रुंद वाकळीत दर १० सेंटिमीटरवर पीन लावायची तर सुमारे चारशे पिना हव्यात. म्हणून लहान मुलांच्या दुपट्यासाठी पिना आणि मोठ्या वाकळीसाठी दोरा हेच परवडते. पीन बंद करताना टोक चमच्याच्या कडेने उचलल्यास बोटे दुखत नाहीत. पावसाळ्यात पिना लावून काम तसेच ठेवू नये, गंजाचे डाग निघत नाहीत. कडा धरण्यास कपड्यांचे चिमटे पुरतात. मैद्याच्या पातळ खळीचे ठिपके देऊनही थर चिकटवता येतात. मात्र खळ किडे व झुरळांना ओढते, म्हणून अशी वाकळ लवकर शिवून धुवावी लागते.

पक्का धावदोरा पूर्ण झाल्यावर कच्चे टाके काढतात.

शेजारच्या कर्नाटकात गोधडीस 'कवदी' म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने शिवत मध्याकडे येतात आणि तुकडे शिवता शिवताच जोडत जातात.