पाणी कुठे मुरते?

संशय आला की आपण म्हणतो, ‘इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.’ माझ्या मामांविषयी मीही मनातल्या मनात बरीच वर्षे असेच म्हणत होतो. आणि अखेर उलगडा झाला तो असा, की पाणी मुरत नव्हते हेच साऱ्या दुखण्याचे मूळ होते!

माझे आजोळ सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. आजोबांच्या माघारी १९८१ साली वाटण्या झाल्या, तेव्हा मामांनी आपण होऊन आईला अडीच एकर रान दिले. नदीलगतचे मळीचे रान त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि बहिणीला दिले ते नदीपासून पाऊण मैल आतले. त्या वेळी सगळ्यांनी मामांची वाहवा केली. आतली जमीन काळीभोर, सपाट, आणि नदीने काठ कापून नेण्याची भीती नाही. आईचे रान कसायचेही मामांनीच. पण पुढे पंधरा-वीस वर्षांत त्याच रानातला ऊस पिवळा पडू लागला, मग खुरटू लागला, आणि शेवटी उन्हाळ्यात मीठ शिंपडावे तशी जमिनीवर पांढरी खार फुटली. गावाने निकाल दिला, ‘चोपण झाली.’ मामांचे मळीचे रान मात्र डोलत होते. आई कधी चकार शब्द बोलली नाही. मी मात्र पुण्यात बसून हिशेब मांडला, की मामांना हे आधीच ठाऊक असणार.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. त्या दिवाळीत भाऊबिजेसाठी आईला घेऊन मी आजोळी गेलो आणि रान पाहायला निघालो. मळीच्या रानात चपला घालून खुशाल हिंडता येत होते. आईच्या रानात घोट्याइतका चिखल होता आणि सखल कोपऱ्यात अजून गढूळ पाणी साचलेले. नदीशेजारचे रान कोरडे आणि लांबचे ओले, हा कुठला न्याय? मी मामेभावाला म्हणालो, “विकून टाकू या हे.”

तो म्हणाला, “विका दादा, तुमचं रान हाय. पण आधी एकदा खड्डा काढून बघू.” माती तपासण्याच्या कामात हयात घालवलेले, आता निवृत्त झालेले एक गृहस्थ त्याच्या ओळखीचे होते. त्यांना बोलावून, पाणी नव्हते अशा जागी पुरुषभर खोल खड्डा घेतला. मामा बांधावर घोंगडी टाकून बसले होते. त्या खड्ड्याच्या भिंतीवर मला जे वाचायला मिळाले, ते आजवर कुठल्या पुस्तकात मिळाले नव्हते.

वरची दोनेक फूट माती काळी, मेणासारखी चिकट. तिच्याखाली चुनखडीचे बारके खडे. आणि त्याखाली माती चक्क राखी, निळसर झाक असलेली, तिच्यात जुन्या मुळांच्या वाटांनी तांबूस ठिपके आणि रेघा. ते गृहस्थ म्हणाले, “हे तांबडे ठिपके म्हणजे गंज. जिथं पाणी साचून राहतं, तिथं माती स्वतःच लिहून ठेवते.”

त्याचे इंगित असे. मातीत लोह असते. हवा मिळते तोवर ते गंजलेल्या तव्यासारखे तांबूस राहते. पाणी भरले की हवा कोंडते; कारण प्राणवायू पाण्यातून सरकतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. मग मातीतले सूक्ष्म जीव त्या गंजावरच आपली गुजराण करतात. लोहाचे रूप पालटते, ते पाण्यात विरघळते आणि माती राखी पडते. पाणी उतरले की मुळांच्या पोकळ वाटांनी थोडी हवा शिरते, तेवढ्यापुरता पुन्हा गंज चढतो. मातीचा रंग म्हणजे पाण्याची रोजनिशीच. पिकाची मुळे मात्र अशा कोंडीत गुदमरतात. आपण म्हणतो ऊस पाण्याने पिवळा पडला. खरे तर तो हवेवाचून पिवळा पडलेला असतो.

“पण नदीजवळचं रान कसं सुटलं?” मी विचारले. मामांकडे पाहण्याचे मी टाळले.

“नदीनंच सोडवलं,” गृहस्थ म्हणाले. पूर काठ ओलांडतो तेव्हा त्याचा वेग एकदम मोडतो. जड रेती आणि पोयटा काठाशीच बसतो, म्हणून शतकानुशतके काठ उंच होत जातो. अगदी बारीक चिकणमाती, जिचा कण मिलिमीटरच्या दोन हजारांशाहूनही लहान, ती संथ पाण्याबरोबर आत जाते आणि सखल भागात सावकाश बसते. म्हणून पुराच्या पट्ट्यात काठ उंच आणि आतले शिवार बशीसारखे खोलगट. काठावरच्या मातीतून पाणी झरझर उतरते. बशीतल्या मातीला पाणी लागले की ती फुगते आणि आपली छिद्रे आपणच बुजवते. पूर गेला की काठ वाळतो, बशी वाळत नाही.

मग मला मामांना खिंडीत गाठल्यासारखे वाटले. नदीचा हा कावा कृष्णाकाठी जन्मलेल्या माणसाला ठाऊक नसेल?

तेवढ्यात गृहस्थांनी मामांना विचारले, “मामा, पूर्वी इथं काय पिकत होतं?”

“शाळू,” मामा म्हणाले. “पंचक्रोशीत असा शाळू नव्हता. बहिणीला दिलं ते शाळवाचं रान, आमच्यातलं सगळ्यात चांगलं. चैतात भेगा अशा पडायच्या की सबंध हात आत जायचा.”

तिथे कोडे उलगडले. शाळू वाढतो तो पावसाळ्याने जमिनीत ठेवलेल्या ओलीवर, वरून पाणी मागत नाही. तो निघाला की ही फुगणारी माती वाळून फाटायची, आणि त्या भेगांतून जमीन दरसाल श्वास घ्यायची. मंद निचऱ्याची जमीन होती, पण आजारी नव्हती. साठीच्या दशकात कोयना धरण झाले, कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले, पंप बसले, ऊस आला. आता बशीला बारा महिने पाणी. भूजल वर चढले, त्याच्याबरोबर क्षार वर आले. पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार तिथेच राहिले. त्यांतल्या सोडियमने मातीचे कण सुटे केले, आणि उरलीसुरली छिद्रेही लिंपली गेली.

आणि त्या रानात ऊस लावा असा आग्रह कोणी धरला होता? १९९० साली पुण्याहून मामांना पत्र मी धाडले होते, की शाळवात काय मिळते, ऊस करा, पाणी कमी पडू देऊ नका. मामांनी भाच्याचा शब्द मानला. खड्ड्याशी त्या पत्राचा उल्लेख ना मामांनी केला, ना मामेभावाने. मला मात्र ते ओळीन् ओळ आठवले.

हे दुखणे नवे नाही. नीरा डाव्या कालव्यावर शंभर वर्षांपूर्वीच उसाखालच्या जमिनी अशा बिघडल्या होत्या. खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधन केंद्राचे मूळ १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या अशाच प्रश्नांसाठी निघालेल्या एका लहानशा खात्यात आहे. त्या खात्याच्या इंग्लिससाहेबांनी दख्खनच्या कालव्यांवरील जमिनींच्या निचऱ्याचा बारकाईने अभ्यास केला होता. धडा तोच, की पाणी आणण्याआधी ते जाणार कुठे याचा विचार करावा.

संध्याकाळी त्या गृहस्थांनी ओसरीवर एक प्रयोग दाखवला. तो आपल्या मुलांनाही करून दाखवता येईल. दोन पेल्यांत पावसाचे पाणी घेऊन आमच्या रानाचे ढेकूळ दोन्हींत विरघळवले. पाणी गढूळ झाले ते बसेचना. चोपण मातीची हीच खूण. एका पेल्यात त्यांनी चमचाभर जिप्सम ढवळले, तशी थोड्या वेळाने माती खाली बसून पाणी निवळले. मामी म्हणाल्या, “तुरटी फिरवल्यागत झालं की!” तत्त्व जवळजवळ तेच. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो आणि कण एकत्र येतात. “पण हुसकावलेला सोडियम शेताबाहेर जायला वाट हवी,” ते म्हणाले. “नाहीतर जिप्समचा खर्च पाण्यात.”

वाट म्हणजे जमिनीखाली तीन-चार फुटांवर पुरलेल्या सच्छिद्र नळ्या आणि त्यांचे पाणी ओढ्यापर्यंत नेणारा चर. ओढ्यापर्यंत मध्ये तिघांची राने होती. त्यांतल्या एकाशी बांधावरून मामांचे बारा वर्षे बोलणे नव्हते. आपल्या रानाचा निचरा शेजाऱ्याच्या मर्जीवर असतो, हे कोणत्याच पुस्तकाने मला सांगितले नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांचे मामा काठी टेकत त्याच्या दारात गेले. काय बोलले कोण जाणे. पण त्याचेही रान चोपणच होते, आणि चौघांनी मिळून खर्च करायचे ठरले. २०२१ साली पुन्हा पूर आला, काम लांबले. २०२२च्या उन्हाळ्यात नळ्या पडल्या. पहिल्या पावसात नळीच्या तोंडाशी आलेले पाणी मी बोटावर घेऊन चाखले. ते खारट होते.

शहरातल्या वाचकांना एवढेच सुचवतो, की नदीकाठच्या गावी जमीन वा घराची जागा पाहायची तर चैत्रात पाहू नका, आश्विनात पाहा. एक खड्डा खणा, खालच्या मातीचा रंग पाहा, आणि पाणी कुठे जाते ते शेजाऱ्याला विचारा.

रान आम्ही विकले नाही. ऊस मोडून पुन्हा शाळू पेरला. एक कोपरा अजून पांढरा आहे. तो सुधारायला वर्षे लागतील. बाकीच्या रानात २०२४ साली कणसे भरली, आणि मामांनी आईला शाळवाचे पोते धाडले. त्या भाकरीचा पहिला घास घेताना आई म्हणाली, “दादानं दिलेलं रान चांगलंच होतं रे.”

मी मान खाली घालून जेवत राहिलो.