'बॉयकॉट' : एका क्रियापदाचा जन्म व त्याचा मराठी पर्याय

ज्यांच्या जन्माचे वर्ष व स्थळ निश्चित सांगता येते अशी क्रियापदे कोणत्याही भाषेत थोडीच. इंग्रजीतील 'बॉयकॉट' हे त्यांपैकी एक होय. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न याच्या जमिनीचा कारभार पाहणारा कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा गृहस्थ १८८० पर्यंत सर्वस्वी अप्रसिद्ध होता. त्या वर्षी १९ सप्टेंबरला एनिस येथील सभेत पार्नेलने कुळांना सल्ला दिला की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी सर्व व्यवहार तोडावेत. काही दिवसांतच हे शस्त्र कुळांना नोटिसा बजावणाऱ्या बॉयकॉटवर चालले. गडीमाणसे निघून गेली, दुकानदार माल देईनात. अखेर पीक काढण्यासाठी अल्स्टरमधून सुमारे ५० माणसे लष्करी बंदोबस्तात आणावी लागली; खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. 'ऑस्ट्रसाइझ' हा ग्रीक वळणाचा शब्द कुळांना उमगणार नाही, म्हणून फादर ओ'मॅली याने ते आडनावच क्रियापद म्हणून सुचविले, अशी हकीकत अमेरिकन वार्ताहर रेडपाथ याने सांगितली आहे.

'पाश्चराइझ', 'गॅल्व्हनाइझ' यांप्रमाणे येथे विशेषनामास प्रत्यय लागलेला नाही. नाम जसेच्या तसे सकर्मक क्रियापद झाले. फ्रेंच व जर्मन भाषांनी मात्र ते घेताना आपापले प्रत्यय जोडले.

मराठीने शब्द उसना न घेता 'बहिष्कार' योजला, आणि १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीत तो सर्वतोमुखी झाला. परंतु हा पर्याय निर्दोष नाही, असे आम्हांस वाटते. 'बहिष्कार' या शब्दामागे जातीबाहेर टाकण्याचा, वाळीत टाकण्याचा पूर्वापार अर्थ उभा आहे. आयर्लंडात दुर्बल कुळांनी सत्तेच्या प्रतिनिधीस एकटे पाडले. वाळीत टाकणारी जात वा गाव हे स्वतःच सत्ताधीश असते. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पत्रास 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले तेव्हा त्यांस विदेशी कापड नव्हे, हा दुसरा अर्थच अभिप्रेत होता. एकाच शब्दात प्रतिकार व जुलूम असे एकत्र नांदतात, हे भाषांतरकाराने विसरता कामा नये.

वाक्यरचना येथे काहीशी साहाय्यास येते. 'मालावर बहिष्कार घातला' हे राजकीय कृत्य. 'कुटुंबास बहिष्कृत केले' यात बहुधा सामाजिक दंड. पण 'कुटुंबावर बहिष्कार घातला' असेही सर्रास म्हणतात, म्हणून हा भेद पक्का नव्हे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या प्रतिबंधक अधिनियमास, जो २०१७ मध्ये अमलात आला, 'सामाजिक' हे विशेषण जोडावे लागले ते याचमुळे असावे.